अनुक्रमांक दोनशे बारा

भिंगबाईचं खरं नाव नगरपालिकेच्या हजेरीपटावर होतं, पण ते तिथेच राहिलं. एका वर्तमानपत्रात तिनं वीस वर्षं प्रुफं तपासली होती. चुकलेली वेलांटी तिला तीन हातांवरून दिसायची, म्हणून तिथल्या मंडळींनी हे नाव ठेवलं. वर्तमानपत्र बंद पडलं, मंडळी पांगली, नाव मात्र तिच्यामागोमाग घरी आलं. पुढे नगरपालिकेनं गावाचं जुनं दप्तर संगणकावर चढवायचं ठरवलं आणि बारीक नजरेच्या माणसाचा शोध सुरू झाला, तेव्हा हेडक्लार्कसाहेबांना हेच नाव आठवलं.

कामाची खोली अग्निशमन दलाच्या गॅरेजवर होती. खाली बंब धुतले जात आणि वर भिंगबाई नाकाला फडकं बांधून वह्यांची धूळ झटकत बसे. टेबलावर कॅमेऱ्याचा स्टँड, दोन बाजूंना दोन दिवे, मध्ये एक जाड काच. पान सरळ करायचं, काच ठेवायची, बटण दाबायचं, काच उचलायची, पान उलटायचं. दिवसाला तीनशे पानं झाली की पाठ बोलायला लागायची. पण तिला कंटाळा म्हणून आला नाही. कोणत्या साली कोणाच्या बोकडानं बागेतली रोपं खाल्ली, दिवाबत्तीवाल्यानं रजा का मागितली, कोणत्या पुलाचं उद्घाटन पूल पडल्यामुळे रद्द झालं, असलं काहीबाही वाचताना तिचा चहा रोज थंड व्हायचा.

रोज एक पान निवडून ते गावाच्या संकेतस्थळावर टाकायचं आणि खाली दोन ओळी लिहायच्या, ही तिचीच कल्पना. पहिले दोन महिने वाचक मोजून अकरा. त्यातले एक तिचे सासरे. चाळीस वर्षं औषधाच्या दुकानात कंपाउंडर होते, आता घरी. सकाळी सूनबाईनं पान टाकलं की दहा मिनिटांत त्यांचा अभिप्राय हजर: 'उत्तम पान. तिसऱ्या ओळीतला क चुकून फ वाचला आहे.' भिंग कोणाचं मोठं यावरून दोघांची घरात कायम जुंपलेली असे.

एका मंगळवारी तिच्या हाती हिरव्या कापडाची एक वही आली. वर चिठ्ठी, 'सापडलेल्या वस्तू'. गावात कोणाला काही सापडलं की ते नगरपालिकेत आणून द्यायचं, कारकून नोंद करायचा, ज्याचं असेल त्यानं येऊन सही करून न्यायचं. सत्तर-एक वर्षांपूर्वीची वही होती आणि नोंदी लिहिणारा कारकून मोठा हौशी दिसत होता. 'हातरुमाल, एक, कोपऱ्यात फूल, विणकाम बेताचे.' 'दातांची कवळी, वरची. घालून पाहिलेली नाही.' भिंगबाई एकटीच हसत पानं उलटत होती. दोनशे अकरा क्रमांकाला काळी छत्री होती, दांडा तुटलेली. त्याखाली, पानाच्या शेवटच्या ओळीत, दोनशे बारा.

'मुलगी, एक. वय अंदाजे तीन. बाजारात मोठ्या तराजूच्या पारड्यात बसलेली आढळली. वजन सव्वाबारा शेर. पिवळा झगा, पायात एकच चप्पल. नाव विचारता "मी" म्हणते. रडत नाही.'

भिंगबाईच्या हातातली काच तशीच अधांतरी राहिली. तिनं ओळ पुन्हा वाचली. छत्री, मुलगी. एकाच शाईत, एकाच अक्षरात. 'कोणी नेली' या रकान्यात एक सही होती, चार उभे फराटे आणि एक आडवा, बस. शेऱ्याच्या रकान्यात आधी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'वस्तूंची सहा महिन्यांची मुदत हिला लागू होते का? वर विचारले आहे.' आणि त्याच्यापुढे वेगळ्या, निळ्या शाईत, 'मुदत संपली. विचारायला कोणी आले नाही. नेणाऱ्याकडेच.'

त्या दिवशीची बाकीची दोनशे पानं राहिली. तिनं भराभरा पुढची पानं चाळली, मुलीचा पुढे उल्लेख आहे का पाहिलं. नव्हता. तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला तो लागलाच. कोणाची मुलगी? कोणी नेली? पुढं काय झालं तिचं? तिनं ते पान संकेतस्थळावर टाकलं आणि खाली लिहिलं, 'ही सही कोणाला वाचता येते का?'

दुसऱ्या दिवशी उठून पाहते तर अकराचे अकराशे झाले होते. गावातच काय, गाव सोडून गेलेल्यांतही सही वाचायची शर्यत लागली होती. कोणी तिथे वैद्य वाचत होतं, कोणी फौजदार. एकानं छातीठोकपणे सांगितलं, की ही सहीच नव्हे, निब चालतं का हे पाहायला मारलेल्या रेघा आहेत. एक बाई पानपट्टीवाल्याशी याच विषयावरून भांडून आल्या होत्या. हेडक्लार्कसाहेब जिना चढून स्वतः वर आले. एरवी ते जिना चढत नसत.

"भिंगबाई, अध्यक्षांनीसुद्धा वाचलं म्हणे! असंच काहीतरी रोज टाका."

"रोज मुली सापडत नव्हत्या साहेब," ती म्हणाली.

संध्याकाळी घरी सासरे स्वयंपाकघरातल्या टेबलावर पानाची छापील प्रत पसरून बसले होते. डोळ्याला भिंग, तोंडात पेन्सिल. "डॉक्टरांची अक्षरं वाचून चाळीस वर्षं काढली सूनबाई. पण ही सही सहीसारखी नाहीच. लिहिता न येणाऱ्या माणसानं काढलेलं चित्र आहे हे. पुढचं पान कुठाय?"

"पुढच्या पानावर तिचं काही नाही बाबा. पाहिलं मी."

"तिचं नसू दे. सही करणारा माणूस एकदाच आला असेल कशावरून? त्याचंही काही हरवलं असेल."

भिंगबाई चपापली. बोकडाच्या रोपांपासून पुलापर्यंत सगळं वाचणारी ती, त्या दिवशी मात्र मुलीच्या नादात बाकीच्या ओळींवरून नुसती नजर फिरवून गेली होती. तिनं फोनमध्ये पुढचं पान उघडलं. पहिलीच ओळ, दोनशे तेरा. 'चाव्यांचा जुडगा, सात चाव्या. नेणारा: कुलूपवाला, धक्क्यावरचे दुकान.' सहीच्या रकान्यात चार उभे फराटे, एक आडवा. आणि शेऱ्यात: 'जुडगा २१२च्या हातात खेळायला दिला होता. सोडेना. शेवटी दोन्ही बरोबर नेले.'

उभे फराटे, आडवी रेघ. चावी होती ती. कुलूपवाल्यानं सही म्हणून चावीच काढली होती.

"धक्क्यावरचं कुलपांचं दुकान," सासरे हळूच म्हणाले. "चावीवाल्या काकू."

चावीवाल्या काकूंना गावात कोण ओळखत नव्हतं? चौऱ्याहत्तरीच्या घरात आलेल्या, अंगानं किरकोळ, बोटं मात्र सांडशीसारखी. वडिलांच्या मागं दुकान त्यांनीच चालवलं. अर्ध्या गावाच्या घरांच्या चाव्या त्यांच्या हातून गेलेल्या. पुढचं पान तिनं अजून कोणाला दाखवलं नव्हतं, पण पहिलं तर साऱ्या गावाच्या हातात होतं. आणि काकूंना यातलं काहीच ठाऊक नसलं तर?

"पान काढून टाकू का बाबा?"

"आता काढलंस तर आणखी बोभाटा. आधी तिला भेट. आणि मला बरोबर नेऊ नकोस, मी बोलून बसेन."

सकाळी ती नदीच्या धक्क्यावर गेली. दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली, भिंतभर खिळे आणि खिळ्यांना लटकलेल्या चाव्या. काकू कानशीवर चावी घासत होत्या. भिंगबाईनं वाटेत चार वाक्यं जुळवून ठेवली होती, ती सगळी उंबऱ्यातच विसरली.

"ये," काकू मान वर न करता म्हणाल्या. "तूच ना ती दप्तरवाली? दोन दिवस वाट बघतेय तुझी."

"काकू, ते पान..."

"नातीनं दाखवलं. म्हणाली, आजी, बघ कसली गंमत, मुलगी तराजूत सापडली. मी सही पाहिली." त्यांनी कानस खाली ठेवली. "बाबा सगळीकडे अशीच सही करायचे. माझ्या शाळेच्या प्रगतीपुस्तकावरसुद्धा."

भिंगबाईचा जीव भांड्यात पडला आणि लगेच पुन्हा वर आला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मी आणलेली आहे ते? लग्नाच्या आदल्या दिवशी सांगितलं त्यांनी. एरवी गमतीत म्हणायचेच, चाव्या आणायला गेलो आणि ही गळ्यात पडली. मला ती थट्टाच वाटायची." त्या थोड्या हसल्या. "मुलांना नाही सांगितलेलं. नवऱ्याला माहीत होतं, तो गेला."

"तुम्ही म्हणाल तर पान आत्ता काढते. पुढचं पान कोणी पाहिलेलं नाही. कोणाला काही कळणार नाही."

काकूंनी कानस पुन्हा उचलली. एक गिऱ्हाईक आलं, त्याची चावी काढून दिली, तो गेला.

"राहू दे. छत्रीच्या खाली बरी आहे मी. माझं नाव तेवढं लिहू नकोस." मग त्यांचा आवाज बदलला. "एकच विचारू? बाबा म्हणाले होते, तुझ्यासाठी कोणी आलं नाही. त्या वहीतही तेच लिहिलंय. मी ते धरूनच चालले. टाकलेलं पोर, असंच समजत आले. कोणाला सांगितलं नाही, पण मनात असायचं. तुझ्याकडे त्या सालच्या आणखी वह्या असतील ना?"

"असतील. पण काही सापडेल असा शब्द देत नाही काकू."

"शब्द कोण मागतंय? बघशील एवढंच सांग."

भिंगबाईनं बघायला सुरुवात केली. आधी पोलीस चौकी. तिथली त्या काळातली कागदपत्रं नियमाप्रमाणे केव्हाच नष्ट झालेली. मग नगरपालिकेच्या त्या सालच्या साऱ्या वह्या, जन्माची, मृत्यूची, बाजाराची, आवक-जावक. आठवडा गेला. बाजाराच्या वहीत मोठ्या तराजूची दुरुस्ती मिळाली, मुलगी मिळाली नाही. सासऱ्यांना घरी रोजचा हिशोब द्यावा लागे, आज काय वाचलं, काय राहिलं.

"नदीतल्या लाँचवाल्यांचं दप्तर पाहिलंस?" एका सकाळी त्यांनी चहा फुंकत विचारलं. "तेव्हा धक्क्यावरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर नगरपालिकेचा हा सापडलेल्या वस्तूंचा विभाग होता आणि खाली लाँच कचेरी. मी लहानपणी पाहिलीय ना. दोघांचं इतकं वाकडं, की जिना कोणी झाडायचा यावरून वर्षभर जिना झाडला नव्हता."

लाँच कचेरी बंद होऊन तीस वर्षं झाली होती. तिचं दप्तर कुठं गेलं असेल? भिंगबाईनं हेडक्लार्कसाहेबांना गाठलं.

"ती गाठोडी? खाली होजपाइपांच्या खोलीत पडलीत. पण ती आपली नाहीत हो. पाण्यातलं दप्तर. शुक्रवारी रद्दीची गाडी येतेय, तीत जातील."

"आज बुधवार आहे साहेब."

"मग तुमच्याकडे दोन दिवस आहेत," साहेब म्हणाले आणि तिचा चेहरा पाहून चरफडत उठले. "थांबा, किल्ली देतो. धुळीनं खोकलात तर मला सांगू नका."

होजपाइपांच्या खोलीत सोळा गाठोडी होती. पाणी लागून काही वह्यांच्या विटा झालेल्या. बंब धुणाऱ्या दोघांनी तिला ती वर नेऊन दिली. गुरुवारी दुपारी, अकराव्या गाठोड्यात, तिला 'निरोपांची वही' सापडली. त्या काळी एका धक्क्यावरून दुसऱ्या धक्क्याला निरोप पाठवायचा तर लाँच चालवणाऱ्या सारंगाजवळ चिठ्ठी द्यायची. खालचा कारकून आलेला निरोप डाव्या पानावर उतरवायचा, दिलेलं उत्तर उजव्या. निरोप काय, तर 'दोन पिंपं तेल पाठवा', 'घंटेची दोरी तुटली', 'सारंगाला ताप आहे'. तिनं तारीख शोधली. मुलगी तराजूत सापडली तो रविवार. सोमवार, काही नाही. मंगळवार.

'वरच्या धक्क्याहून: रविवारच्या लाँचवरून तीन वर्षांची मुलगी चुकली. पिवळा झगा. डाव्या कोपरावर भाजल्याचा डाग. कृपया शोध घ्यावा. विचारणार: आई, विणकर.'

उजव्या पानावर: 'वही पाहिली. लाँचवर वा धक्क्यावर अशी मुलगी सापडलेली नाही.'

भिंगबाईला पुढची पानं उलटायला भीती वाटायला लागली आणि बोटं तर थांबेनात. पुढच्या आठवड्यात पुन्हा: 'मुलीच्या आईची विनंती. पुन्हा पाहावे.' उत्तर: 'नाही.' महिन्यानं पुन्हा. 'नाही.' आणि तिसऱ्या महिन्यात, निरोप नव्हे, नुसतीच नोंद: 'मुलीचे वडील स्वतः आले. वही दाखवली. सायंकाळच्या लाँचने परत.'

कारकून खोटं बोलला नव्हता. मुलगी लाँचवर नव्हती आणि धक्क्यावरही नव्हती, ती बाजारात सापडली होती. बाजारात सापडलेल्याची नोंद वरच्या मजल्यावर, नगरपालिकेकडे. तो माणूस नदीच्या वरच्या अंगाच्या त्या धक्क्यावरून चार तासांचा प्रवास करून आला, खालच्या मजल्यावरची वही पाहिली आणि परत गेला. वरची वही त्याच्या डोक्यावर दहा-बारा फुटांवर होती. आणि मग दोन्ही वह्या सत्तर वर्षं वेगवेगळ्या खोल्यांत पडून राहिल्या. भिंगबाईनं नाकावरचं फडकं सोडलं आणि त्यालाच डोळे पुसले. फडक्याची धूळ डोळ्यांत गेली ती वेगळीच.

शुक्रवारी सकाळी तिनं ती वहीच कापडात गुंडाळून दुकानात नेली. वही बाहेर न्यायची नाही असा नियम होता, तो तिनं त्या दिवशी मोडला. काकूंनी चष्मा लावला. एक एक ओळ बोट ठेवून वाचली. मग डावी बाही वर सरकवली. कोपराच्या जरा वर एक डाग होता, जुना, नखाएवढा.

"मला वाटायचं हा बाबांच्या भट्टीनं दिला," त्या म्हणाल्या. "चार वेळा विचारलं त्या आईबापांनी. चार वेळा गं."

"हो काकू."

"आणि तो माणूस इथवर आला. या दुकानासमोरून गेला असेल." त्यांनी दाराबाहेर पाहिलं. धक्क्यावरून येणारा-जाणारा प्रत्येक जण दुकानावरूनच जात होता, दुसरी वाटच नव्हती. बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. "माझी इथली आई मला घेऊन सहा महिने माहेरी राहिली होती. सुरुवातीलाच. हवापालट म्हणून. ती कौतुकानं सांगायची, तिथल्या विहिरीचं पाणी तुला मानवलं." त्यांनी बोटांवर मोजलं. "सहा महिने. वस्तूंची मुदत."

भिंगबाईनं वही आपल्याकडे ओढली. "त्यांना माहीत होतं असं कुठं लिहिलेलं नाही काकू. मी सगळं पाहिलं."

"माझे बाबा लिहीतच नव्हते," काकू म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा काढला. "तू जा आता."

त्यानंतर तीन दिवस दुकान बंद होतं. एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं. लोक घराबाहेर अडकले, एकाला खिडकीतून आत जावं लागलं. भिंगबाई वर खोलीत पानं उलटत होती, पण मन लागत नव्हतं. आपण नको ती वही उघडली का? टाकलेलं पोर असणं वाईट, की चोरलेलं असणं? तिनं सासऱ्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "तिनं विचारलं म्हणून तू शोधलंस. आता उत्तराचं काय करायचं ते तिला ठरवू दे. तू मध्ये लुडबुडू नकोस." मग स्वतःच तासाभरानं म्हणाले, "धक्क्याकडून जरा चक्कर मारून येऊ का?"

चौथ्या दिवशी काकूच जिना चढून वर आल्या. बरोबर दोन्ही मुलं आणि नात. घरी सगळं सांगून झालं होतं हे त्यांच्या डोळ्यांवरूनच कळत होतं.

"भांडले मी बाबांशी तीन दिवस," खुर्चीवर टेकत त्या म्हणाल्या. "ते गेले तेव्हा साठीचे होते. मी आता चौऱ्याहत्तर. माझ्याहून लहान माणसावर किती दिवस रागावू? राग आहे, जाईल असंही नाही. पण त्यांनीच वाढवलं, त्याचं काय करू? ते दोन्ही राहणार." मग त्यांनी पर्स मांडीवर घेतली आणि आवाज एकदम कामाचा केला. "ही दोन्ही पानं शेजारी शेजारी टाक. खाली लिही, विणकरांपैकी कोणी आहे का. आणि माझं नाव घाल."

"नक्की?"

"अगं, नाव नसेल तर ते येतील कुठं?"

पानं चढली. हेडक्लार्कसाहेबांनी रद्दीची गाडी परत पाठवली होती आणि आता ते सर्वांना सांगत होते, की गाठोडी त्यांनीच जपून ठेवली. सहा दिवसांनी वरच्या धक्क्याच्या गावातून एका शाळामास्तरांचा निरोप आला. त्यांच्या गल्लीच्या टोकाला विणकरांचं घर आहे. म्हातारी-म्हातारा केव्हाच गेले. पण एक मुलगी आहे, त्या घटनेनंतर दोन वर्षांनी जन्मलेली, अजून माग चालवते. तिला पान वाचून दाखवलं तर ती मागाचा धोटा हातात धरून बसून राहिली, आणि मग तिनं पहिला प्रश्न विचारला तो हा, की लाँच किती वाजता सुटते?

लाँच आता सुटत नव्हती. ती बसनं आली, रविवारी. काकूंनी भिंगबाईलाही बोलावलं होतं. "दप्तरात जे नसेल ते ऐकायला ये," असं म्हणाल्या.

बसमधून जी बाई उतरली ती काकूंसारखी अजिबात दिसत नव्हती. उंच, थोराड, आवाज खणखणीत. दोघी एकमेकींकडे पाहत उभ्या राहिल्या. काकूंनी बाही वर केली. धाकटीनं डागावर बोट ठेवलं, जणू कापडातला दोष तपासावा तसं.

"चुलीपाशी पडली होतीस," ती म्हणाली. "आई सांगायची." आणि पुढच्याच श्वासात, "तुझ्यापायी मला जन्मभर नदीकाठी जाऊ दिलं नाही, ठाऊक आहे? सगळ्या मैत्रिणी पोहायला शिकल्या. मी तेवढी कोरडी. शाळेची सहल लाँचनं निघाली तर मी घरी. भयंकर राग यायचा मला तुझा. न पाहिलेल्या माणसाचा इतका राग कोणाला आला नसेल."

"मला तरी कुठं पोहता येतं," काकू म्हणाल्या.

यावर जी हसली ती धाकटी, आणि हसता हसता तिनं काकूंना असं काही धरलं, की शेजारी उभ्या नातीनं फोन खाली केला.

दुकानात चहा झाला. धाकटीनं सगळं सांगितलं. लाँच इथं थांबली तेव्हा गर्दी होती. आईला वाटलं पोर वडिलांजवळ, वडिलांना वाटलं आईजवळ. घरी पोचेपर्यंत कळलंच नाही, आणि मध्ये तीन धक्के. सगळ्यांनी सांगितलं, पाण्यात गेली. वडिलांनी मानलं. आईनं मानलं नाही, पण पुन्हा त्याबद्दल बोलायची नाही असं तिनं कबूल केलं. मागावर मात्र दर वर्षी एक झगा विणायची, एकेक माप वाढवत. नववा विणून झाल्यावर थांबली. ते सगळे धाकटीनं घातले होते, आणि ते नेहमी तिला मोठेच व्हायचे.

भिंगबाई स्टुलावर अंग चोरून बसली होती. तिला अजून शंभर गोष्टी विचारायच्या होत्या. तेवढ्यात काकूंनी बहिणीला विचारलं, "माझं नाव काय होतं गं?"

भिंगबाईचे कान टवकारले. वहीत नाव नव्हतं. निरोपांच्या वहीतल्या चार नोंदींतल्या एकीतही नव्हतं, सगळीकडे नुसती मुलगी. कारकुनाला ती 'मी' म्हणाली होती. गेल्या महिन्याभरात भिंगबाईनं जेवढं शोधलं त्यात हीच एक जागा कोरी राहिली होती.

धाकटीनं दुकानात बसलेल्या सगळ्यांकडे पाहिलं. मुलं, नात, भिंगबाई. मग ती काकूंच्या कानाशी वाकली.

भिंगबाई उठली. "मी जरा बाहेर आहे," असं कोणालातरी सांगून ती धक्क्यावर जाऊन उभी राहिली, पाठ दुकानाकडे करून, मुद्दाम चार पावलं आणखी लांब. नदीत दोन मासेमार जाळं ओढत होते. जाळ्यात काय आलं ते इथून दिसत नव्हतं. ती मान उंच करून तेच पाहायचा प्रयत्न करत राहिली.